‘गाडी रुळली की आवाज जाईल’ एवढे उत्तर पुरेसे नाही

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नवी मोटारसायकल घरी आणल्यावर पहिल्याच आठवड्यात बहुतेक चालकांच्या मनात एक शंका घर करते आणि ती विचारायची कोणाला, हे त्यांना कळत नाही. न्यूट्रलमधून पहिला गिअर टाकताना ‘खडाक्’ असा आवाज होतो, पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना पायाला धक्का जाणवतो, कधी गिअर पडला असे वाटते पण क्लच सोडताच इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी पुढे ओढत नाही, तर सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल काही केल्या सापडत नाही. शोरूममध्ये विचारावे, तर ‘नवी गाडी आहे, रुळली की आवाज जाईल’ एवढे एकच उत्तर मिळते. हे उत्तर निम्मे खरे आहे. पण त्या निम्म्या सत्यावर विसंबून चालक महिनोन्महिने सैल क्लच आणि ताणलेली चेन घेऊन गाडी चालवत राहतात, आणि जो दोष पाच मिनिटांत पान्याने निघाला असता तो पुढे बेअरिंगपर्यंत जाऊन पोचतो. म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. त्याच्या लांबीबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझ्या भाचीने तिची पहिली मोटारसायकल घेतली, तेव्हा तिसऱ्याच दिवशी तिने मला विचारले, “मामा, ही गाडी आतून मोडत तर नाही ना?” मी पेशाने मेकॅनिक नाही, परंतु तीसहून अधिक वर्षे मोटारसायकल चालवीत आहे, आणि एका जुन्या गाडीचा गिअरबॉक्स पूर्ण उघडून पुन्हा जोडला जाताना शेजारी बसून पाहिलेला आहे. त्या एका दुपारी जे समजले ते त्यापूर्वीच्या कित्येक वर्षांत समजले नव्हते. त्यामुळे तिच्या प्रश्नाचे उत्तर मी गिअरबॉक्सच्या आतल्या रचनेपासून सुरू केले, आणि येथेही तसेच करतो, कारण आवाज कशाचा आहे हे कळल्याशिवाय तो काळजीचा आहे की नाही, हे ठरवता येत नाही.

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समध्ये मुख्यतः दोन शाफ्ट, म्हणजे फिरणारे दांडे, असतात. एकाला फिरण्याची ताकद क्लचकडून, म्हणजे इंजिनाची ताकद जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाकडून, मिळते, तर दुसरा पुढच्या स्प्रॉकेटला, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चक्राला, त्यामार्फत चेनला आणि अखेर मागच्या चाकाला फिरवतो. या दोन शाफ्टवरील गिअरच्या जोड्या एकमेकांत कायम गुंतलेल्या असतात. गिअर बदलताना दाते दात्यांत नव्याने जाऊन बसतात अशी जी सर्वसाधारण समजूत आहे, ती बरोबर नाही. प्रत्येक जोडीतला एक गिअर आपल्या शाफ्टवर मोकळा फिरत असतो. आपण पायाने लिव्हर हलवतो तेव्हा आत वळणदार खाचा कोरलेला एक ड्रम थोडासा फिरतो, त्या खाचांत अडकवलेले काट्याच्या आकाराचे फोर्क बाजूला सरकतात आणि फोर्कने धरलेला गिअर शाफ्टवरून सरकत शेजारच्या मोकळ्या गिअरला जाऊन भिडतो. या गिअरच्या बाजूच्या अंगावर जाड, ठसठशीत खुंट्या असतात, ज्यांना मेकॅनिक ‘डॉग’ म्हणतात. त्या समोरच्या गिअरच्या खोबणीत शिरल्या की मोकळा असलेला गिअर शाफ्टशी जखडला जातो आणि ताकद त्या जोडीतून वाहू लागते. खुंट्या आणि खोबणी वेगवेगळ्या वेगाने फिरत असतानाच त्यांना एकमेकांत शिरायचे असते, म्हणून त्यांच्यात मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. ती जागा संपून पोलाद पोलादाला टेकते, त्याचा जो आवाज होतो तोच आपल्याला ऐकू येणारा ‘खट्’ होय.

कार चालवण्याची सवय असलेल्यांना हा आवाज अधिक खटकतो, आणि त्याला कारण आहे. कारच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नावाची रचना असते, जी १९२८ साली कॅडिलॅकने प्रथम बाजारात आणली. तिच्यातील शंकूच्या आकाराची कडी गिअर जोडला जाण्यापूर्वी घर्षणाने दोन्ही भागांचा वेग सारखा करते, त्यामुळे जोडणी जवळजवळ निःशब्द होते. मोटारसायकलमध्ये जागा कमी, वजनाचे बंधन कडक आणि गिअर पायाच्या एका हालचालीत चटकन पडायला हवा, म्हणून तेथे ही कडी सहसा नसते. वेग जुळवण्याचे काम मोटारसायकलमध्ये चालकाच्या मुठीवर आणि पायावर सोपवलेले आहे. हे एकदा लक्षात आले की निम्मी भीती जाते, आणि उरलेल्या निम्म्या आवाजाचे काय करायचे हे शोधता येते.

न्यूट्रलमधून पहिल्या गिअरचा आवाज सर्वांत मोठा का असतो, हे मी भाचीला आकड्यांत समजावले. समजा, इंजिन उभ्या जागी मिनिटाला १,४०० फेरे घेत आहे आणि इंजिन ते क्लच हे प्रमाण साधारण तीनास एक आहे, तर क्लचची बाहेरची टोपली मिनिटाला साडेचारशेहून अधिक, म्हणजे सेकंदाला सात-आठ फेरे घेत असते. क्लच दाबल्यावर त्यातल्या प्लेटा एकमेकींपासून सुटतात खऱ्या, पण बहुतेक मोटारसायकलींत त्या तेलात बुडालेल्या असतात, आणि त्यांच्यातला तेलाचा पातळ थर आतल्या भागाला थोडेफार ओढत राहतो. मागचे चाक मात्र स्थिर असते. अशा वेळी पहिला गिअर टाकला की फिरणारा शाफ्ट क्षणात थांबतो, आणि त्याचा धक्का पायाला व कानाला जाणवतो. सकाळी इंजिन गार आणि तेल घट्ट असताना हे ओढणे जास्त असते, म्हणून दिवसातला पहिला ‘खडाक्’ सर्वांत मोठा असतो. गाडी रात्रभर किंवा काही दिवस उभी राहिली असेल, तर प्लेटा एकमेकींना चिकटलेल्याही असतात. यावर उपाय साधा आहे. इंजिन सुरू करण्यापूर्वी गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लच पूर्ण दाबून चार पावले पुढेमागे ढकलावी, म्हणजे प्लेटा सुटतात. नंतर न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करून आयडलिंग (मूठ न पिळता इंजिन घेते ते फेरे) खाली येईपर्यंत थोडे थांबावे, आणि क्लच दाबल्यावर दोन-तीन सेकंद जाऊ देऊन मगच पहिला गिअर टाकावा. इंजिन गार असताना आयडलिंग चढलेले असते आणि त्याच क्षणी गिअर टाकण्याची घाई आपण करतो, यातच बराचसा आवाज दडलेला आहे.

पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाचा धक्काही असाच समजून घेता येतो. लागोपाठच्या कोणत्याही दोन गिअरपेक्षा पहिला आणि दुसरा यांच्यातले अंतर बहुधा सर्वांत मोठे असते, आणि न्यूट्रलची जागाही बहुधा त्यांच्या मधोमध असते. पहिल्या गिअरचे प्रमाण २.८ आणि दुसऱ्याचे १.७ असेल, तर पहिल्यात ५,००० फेऱ्यांवर चाललेले इंजिन त्याच वेगाने दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे ३,००० फेऱ्यांवर यायला हवे. अॅक्सिलरेटरची मूठ न सोडता गिअर टाकला तर एवढा फरक खुंट्यांना आपटूनच भरून काढावा लागतो.

आता ‘रुळणे’ या शब्दाकडे वळतो. नव्या गाडीत काही गोष्टी खरोखरच वापराने सुधारतात. खुंट्यांच्या, फोर्कच्या आणि ड्रमच्या खाचांच्या कडांवरचा बारीक खडबडीतपणा झिजतो, क्लचच्या प्लेटा एकमेकींशी बसतात, केबल आपल्या आवरणात सरकू लागते आणि चालकाचा पायही गाडी शिकतो. या काळात झिजलेला धातूचा बारीक कीस तेलात उतरतो, म्हणूनच बहुतेक उत्पादक पहिली सर्व्हिसिंग ५०० ते १,००० किलोमीटरच्या दरम्यान लवकर ठेवतात आणि तेल बदलतात. ते तेल बदलल्यावर गिअर नरम पडतात, असा अनुभव पुष्कळांना येतो. परंतु क्लचच्या केबलचा ताण, चेनचा सैलपणा, चाकाची रेषा, लिव्हरची उंची आणि आयडलिंग या गोष्टी रुळत नसतात. त्या मोजायच्या आणि नीट करायच्या असतात. किंबहुना नव्या गाडीत त्या अधिक लवकर बिघडतात, कारण नवी चेन आणि नवी केबल पहिल्या काही शे किलोमीटरांत आपली जागा घेताना सैलावतात. म्हणजे ज्या काळात ‘थांबा, आपोआप होईल’ असे सांगितले जाते, नेमक्या त्याच काळात गाडीकडे सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवे असते.

भाचीच्या गाडीत नेमके हेच घडले. पहिल्या सर्व्हिसिंगपूर्वी गिअरचा आवाज होत होता, पण गिअर पडत होते. सर्व्हिसिंगनंतर आवाज थोडा कमी झाला, परंतु दुसऱ्यावरून तिसरा टाकताना लिव्हर दगडासारखा घट्ट लागू लागला आणि सिग्नलला न्यूट्रल मिळेनासा झाला. ती पुन्हा वर्कशॉपमध्ये गेली, तेव्हा गाडीवर एक फेरी मारून ‘या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या अशा असतात’ असे सांगून तिला परत पाठवण्यात आले. तिसऱ्या खेपेला तर तिला गिअर टाकता येत नसावा, असे सुचवण्यात आले. याचे मला अतिशय वाईट वाटले. ती नवशिकी होती हे खरे, पण जो बदल सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर तिच्या पायाला स्पष्ट जाणवला होता, तो तिच्या नवखेपणाने झालेला असू शकत नव्हता.

त्या रविवारी आम्ही दोघांनी गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडली आणि पट्टी घेऊन बसलो. तिच्या गाडीसाठी चेनचा सैलपणा २५ ते ३५ मिलीमीटर दिला होता. खालच्या बाजूच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली ढकलून मोजले, तर तो जेमतेम १० मिलीमीटर भरला, आणि ती गाडीवर बसल्यावर चेन जवळजवळ तारेसारखी ताठ झाली. पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये कोणीतरी ती सैल वाटली म्हणून चांगलीच ओढून घट्ट केली होती. मागचे चाक वर-खाली होताना पुढच्या स्प्रॉकेटपासून त्याचे अंतर बदलत असते. स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या भागाचा) खिळा आणि चाकाचा अॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत जास्त ताणली जाते. गाडी रिकामी उभी असताना जी चेन नीट ताणलेली दिसते, ती माणूस बसल्यावर आणि खड्ड्यात चाक दबल्यावर शाफ्टला सतत मागे खेचत राहते. शाफ्ट असा खेचलेला असताना त्यावरून गिअर सहज सरकत नाहीत, आणि त्याच्या बेअरिंगवर नको तेवढा भार येतो. लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना म्हणूनच अधिक सैलपणा लागतो, कित्येकदा ४० मिलीमीटर किंवा त्याहूनही जास्त. एका गाडीचा आकडा दुसरीला लावता येत नाही.

याउलट चेन फार सैल असेल, तर मूठ सोडता-पिळताना ती झटका देते, आणि गिअरबॉक्समधून आल्यासारखा वाटणारा ‘धप्प’ आवाज खरे तर चेनचा असतो. दोन्ही दोषांत फरक ओळखता येतो. सैल चेनने प्रत्येक गिअर बदलताना गाडीला हिसका बसतो. ताणलेल्या चेनने लिव्हर जड होतो. चेन मोजताना चाक थोडे थोडे फिरवून तीन-चार ठिकाणी मोजावे, कारण ती सर्वत्र सारखी सैल नसते, आणि जेथे ती सर्वांत घट्ट असेल त्या जागी पुस्तिकेतला आकडा जुळवावा. हे करताना इंजिन बंद असलेच पाहिजे. चालू इंजिनावर चाक फिरवून चेन तपासताना किंवा पुसताना बोटे गमावल्याच्या घटना घडलेल्या आहेत, म्हणून हे ठासून सांगतो.

क्लचचीही तीच गत होती. क्लच लिव्हरच्या टोकाला बहुतेक केबलच्या गाड्यांत १० ते २० मिलीमीटर मोकळी चाल असावी लागते, म्हणजे तेवढे अंतर लिव्हर विनासायास हलावा आणि मग ताण लागावा. तिच्या गाडीत ती जवळपास ३० मिलीमीटर होती. लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबला, तरी प्लेटा पूर्ण सुटत नव्हत्या, आणि न सुटलेल्या क्लचवर गिअर टाकणे म्हणजे जोडलेल्या इंजिनाशी झगडणे आहे. उभ्या गाडीत न्यूट्रल न सापडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. मोकळी चाल अजिबात न ठेवणेही चुकीचे, कारण मग क्लच पूर्ण बसत नाही, घसरतो आणि प्लेटा जळतात. हॅंडलजवळच्या नटाने होणारा हा बदल एका मिनिटाचा आहे. तेथे वाव उरला नसेल तर केबलच्या खालच्या टोकाला दुसरी जागा असते. हायड्रॉलिक क्लच असलेल्या गाड्यांत केबल नसल्यामुळे असा ताण जुळवावा लागत नाही, पण तेथे पाइपमध्ये हवा शिरली तर परिणाम हाच होतो, आणि ती हवा काढणे मेकॅनिकवर सोपवावे.

चेन आणि क्लच जुळवल्यावर भाचीने गाडीवर एक चक्कर मारली आणि परत येऊन काही न बोलता पुन्हा दुसरी चक्कर मारायला गेली. परत आल्यावर म्हणाली, “मामा, अजून खट् होतं, पण आता दुखल्यासारखं नाही होत.” याहून नेमके वर्णन मला सुचत नाही.

तेलाबद्दल थोडक्यात लिहितो. बहुतेक मोटारसायकलींत इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांना एकच तेल पुरते. गिअरच्या दात्यांमध्ये तेलाचे रेणू चिरडले जाऊन ते पातळ होत जाते, आणि तेल जुने झाले की गिअर पुन्हा खरखरीत वाटू लागतात. तेल बदलण्याची वेळ झाल्याचे अनेक जुन्या चालकांना पायानेच कळते. फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या तेलांसाठी जपानमध्ये १९९८ पासून ‘जासो’ या तेथील वाहन-मानक संस्थेचे मानक आहे. त्यातील ‘एमए’, ‘एमए१’ आणि ‘एमए२’ हे वर्ग तेलात बुडालेल्या क्लचसाठी योग्य असतात, तर ‘एमबी’ हा वर्ग कमी घर्षणाचा असून ज्या स्कूटरमध्ये क्लच तेलात नसतो त्यांच्यासाठी असतो. कारचे इंधन वाचवणारे तेल मोटारसायकलमध्ये घातले तर त्यातील घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे क्लच घसरू शकतो. पुस्तिकेत लिहिलेला दाटपणा, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, आवाज कमी करण्यासाठी मनाने बदलू नये. दाट तेलाने आवाज दबतो असे वाटते, पण गार इंजिनात क्लचचे ओढणे वाढते.

आता चालकाच्या बाजूने काय करता येते, याबद्दल मला सर्वांत जास्त आस्था आहे, कारण येथे एक पैसाही खर्च होत नाही. नवा चालक आवाजाला घाबरून गिअर हळूच टाकायला जातो, आणि त्यामुळेच आवाज वाढतो. हळू सरकवलेल्या खुंट्या खोबणीच्या तोंडाशी घासत, उड्या मारत राहतात. ठाम हालचालीने त्या एकदम आत जातात. ठाम म्हणजे लाथ मारणे नव्हे. वरचा गिअर टाकण्याच्या क्षणभर आधी पायाच्या बोटांनी लिव्हरला वरच्या दिशेने हलका दाब द्यावा, मग मूठ थोडी सोडत आणि क्लच दाबत तो दाब पूर्ण करावा. खुंट्यांच्या कडा बहुधा किंचित आतल्या बाजूने तासलेल्या असतात, ज्यामुळे ताकद वाहत असताना त्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. मूठ सोडताच ही पकड सैल होते आणि आधीच दाब दिलेला गिअर आपसूक निसटून पुढच्यात जातो. यासाठी क्लच दरवेळी मुठीपर्यंत दाबण्याचीही गरज पडत नाही. एवढे मात्र पाळावे की क्लच सुटेपर्यंत पाय लिव्हरखालून काढू नये. पाय लवकर सुटला की गिअर अर्धवट राहतो आणि दोन गिअरांच्या मध्ये खोटे न्यूट्रल लागते. वळणावर किंवा ओव्हरटेक करताना असे झाले तर ते धोक्याचे असते.

गिअर कमी करताना उलट करावे लागते, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनाला जास्त फेरे हवे असतात. क्लच दाबलेला असतानाच मूठ किंचित पिळून इंजिन थोडे वर आणावे आणि मग क्लच सोडावा. हे जमायला काही आठवडे लागतात, पण जमले की मागच्या चाकाचा हिसका आणि आवाज दोन्ही जातात. सिग्नल दिसला की गाडी चालती असतानाच एकेक गिअर उतरवीत यावे आणि न्यूट्रलही चाक पूर्ण थांबण्यापूर्वी, अगदी मंद वेगात घ्यावा. चौथ्या गिअरमध्ये थांबून मग लिव्हर खाली हाणत बसल्यास गिअर अडकतात, कारण दोन्ही बाजू स्थिर असल्या की खुंटी खुंटीसमोर येऊन उभी राहते. तसे झालेच तर जोर न लावता गाडी थोडी पुढेमागे हलवावी किंवा क्लच किंचित सोडून पुन्हा दाबावा, म्हणजे वाट मोकळी होते. कावासाकीच्या पुष्कळ गाड्यांत गिअरमध्ये बसवलेल्या स्टीलच्या छोट्या गोळ्यांमुळे उभ्या गाडीत पहिल्यावरून वर ढकलल्यास दुसरा पडतच नाही, न्यूट्रलच लागतो. ही सोय सर्व गाड्यांत यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक बारीकशी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. गिअर लिव्हरची उंची कारखान्यातून एका सरासरी पायासाठी ठेवलेली असते. जाड बूट घालणाऱ्याचा पाय लिव्हरखाली नीट जात नाही, आणि लहान पायाच्या चालकाला लिव्हर पूर्ण वर उचलता येत नाही. दोघांचेही गिअर अर्धवट पडतात. भाचीच्या गाडीत लिव्हर थोडा खाली घेतल्यावर तिसऱ्या गिअरची तिची उरलीसुरली तक्रार संपली. मात्र चालवताना पाय सतत लिव्हरवर टेकवून ठेवू नये, त्याने आतला फोर्क विनाकारण झिजतो.

हे सर्व करूनही काही लक्षणे उरली, तर ती रुळण्याची नाहीत आणि त्यासाठी वॉरंटीत दाद मागायलाच हवी. मूठ पिळल्यावर पडलेला गिअर आपोआप निसटणे, इंजिन गरम आणि क्लच नीट जुळवलेला असतानाही प्रत्येक वेळी कर्रर्र असे दळल्यासारखे वाजणे, लिव्हर दाबल्यावर जागेवर परत न येणे, एकाच गिअरमध्ये वेगाबरोबर चढत जाणारी शीळ, आणि तेल काढताना ड्रेन नटवर राखाडी मऊ लेपाऐवजी चमकदार तुकडे किंवा चकत्या दिसणे, ही ती लक्षणे होत. मऊ लेप नव्या गाडीत अपेक्षित असतो. तुकडे मात्र कधीही नसतात, आणि ते दिसले तर गाडी न चालवता तेथेच ठेवावी.

तक्रार कशी मांडावी, हेही अनुभवाने सांगतो. ‘गिअर नीट पडत नाही’ असे म्हटले की वर्कशॉपला तपासायला काहीच मिळत नाही. कोणता गिअर, वर जाताना की खाली येताना, इंजिन गार असताना की गरम, साधारण किती फेऱ्यांवर, दहापैकी किती वेळा आणि कोणत्या तारखेपासून, हे चार दिवस वहीत लिहून काढावे, आणि तेच शब्द जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, लिहून घ्यावेत. गाडी परत घेताना चेनचा सैलपणा आणि क्लचची चाल किती मिलीमीटर ठेवली, हे विचारून त्याच कागदावर लिहून मागावे. ज्या मेकॅनिकने मोजले आहे, तो आकडा लगेच सांगतो. तक्रार नोंदलेली असेल तर वॉरंटीच्या अखेरीला ‘हे पूर्वी कधी सांगितलेच नाही’ असे कोणी म्हणू शकत नाही.

मेकॅनिकांवर सरसकट दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. एकेका दिवसात ठरावीक संख्येने गाड्या हातावेगळ्या करण्याचा ताण त्यांच्यावर असतो, आणि उत्तम कान आणि हात असलेली माणसे मी त्यांच्यात पाहिली आहेत. माझी विनंती गाडी बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना आहे. गाडी हातात देताना फोटो काढण्यासाठी आणि कागदांवर सह्या घेण्यासाठी जितका वेळ दिला जातो, त्यातली पंधरा मिनिटे काढून ग्राहकाला क्लचची मोकळी चाल आणि चेनचा सैलपणा त्याच्या स्वतःच्या हाताने मोजायला लावावा. पुस्तिका ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत द्यावी आणि तिच्यात गिअरचा कोणता आवाज अपेक्षित आहे, कोणता नाही, हे एका पानावर स्पष्ट लिहावे. चेनच्या सैलपणाचा आकडा काही गाड्यांच्या स्विंगआर्मवर चिकटवलेला असतो. त्याच्याच शेजारी क्लचच्या चालीचाही असावा. पहिल्या सर्व्हिसिंगनंतर वर्कशॉपने हे दोन आकडे बिलावर छापावेत. यातल्या कशालाही नवे यंत्र लागत नाही.

आपल्या दैनिकात नव्या गाड्यांची ओळख करून देणारे लेखन येत असते. त्यात वेग, ताकद आणि मायलेज यांच्या जोडीला त्या गाडीचे गिअर कसे पडतात, न्यूट्रल किती सहज सापडतो आणि ही दोन मापे किती ठेवायची आहेत, याच्याही चार ओळी देता आल्या, तर पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या वाचकांना त्यांचा फार उपयोग होईल. तसा विचार व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक